कोमल मनाची कायदेशीर तरतूद

इतिहासाच्या उपद्रवापासून बालकांच्या कोमल मनाचे रक्षण व्हावे, एतदर्थ कायदेमंडळे रात्रीचा दिवस करीत आहेत, हे हृद्य दृश्य ज्या कोणास पाहावयाचे असेल त्याने अमेरिकेतील टेक्सास आणि फ्लोरिडा या दोन राज्यांची अलीकडची दप्तरे अवश्य चाळावीत. टेक्सासने २०२१ साली आणि फ्लोरिडाने २०२२ साली असा कायदा केला की, स्वतःच्या वंशापायी विद्यार्थ्याला अपराधी वाटले पाहिजे वा मनस्ताप झाला पाहिजे, अशी शिकवण शाळेत दिली जाऊ नये. तरतूद वरकरणी इतकी वात्सल्यपूर्ण आहे की तिला हरकत घेणारा मनुष्य मुलांचा वैरीच ठरावा. आमची तर नम्र सूचना अशी की ती गणिताच्या तासालाही लागू करावी, कारण अपूर्णांकांनी आजवर जितक्या बालकांना मनस्ताप दिला तितका जगातील सगळे इतिहासकार मिळूनही देऊ शकले नसतील.

हा दयाभाव आजचा नव्हे. यादवी युद्धात रणांगणावर जे गमावले ते दक्षिणेकडील गोऱ्या समाजाने पुढे पाठ्यपुस्तकांत सव्याज वसूल केले, आणि त्या मोहिमेच्या सेनापती होत्या जॉर्जियातील एक शाळाचालिका, मिल्ड्रेड रदरफर्डबाई. युद्ध गुलामगिरी टिकवण्यासाठी झाले असे सांगणारे पुस्तक नाकारावे, गुलामांचा धनी निर्दय होता असे म्हणणारे नाकारावे, आणि असले पुस्तक ग्रंथालयात आधीच शिरलेले असेल तर ते दक्षिणेवर अन्याय करणारे आहे असा शेरा त्यावर मारून ठेवावा, असा मापदंड त्यांनी १९२०च्या सुमारास पुस्तिकारूपाने शिक्षणसंस्थांच्या हाती दिला. या मापात बसणारी पुस्तके पिढ्यानपिढ्या निपजली. व्हर्जिनियात १९५७ साली निघालेल्या एका क्रमिक पुस्तकात आफ्रिकेहून आणलेले कुटुंब नीटनेटक्या पोशाखात गलबतावर उभे असून एक गोरा गृहस्थ त्याच्याशी हस्तांदोलन करीत असल्याचे चित्र आहे. एवढ्या अगत्याने उतरवून घेतलेल्या पाहुण्यांना वाटेत साखळदंड कशासाठी घातले होते, याचा खुलासा चित्रकाराने केलेला नाही. २०१५ साली टेक्सासमध्ये भूगोलाच्या एका पुस्तकातील नकाशाखाली हेच लोक शेतीकामासाठी आणलेले मजूर म्हणून नोंदले गेले, आणि एका विद्यार्थ्याच्या आईने गवगवा केला तेव्हा कोठे प्रकाशकांनी मजकूर दुरुस्त करण्याचे कबूल केले.

परंतु खरी प्रतिभा फ्लोरिडाची. गुलामांना दास्यात असताना काही कौशल्ये प्राप्त झाली व प्रसंगी त्यांचा त्यांना स्वतःलाही लाभ झाला, हा मुद्दा तेथील शिक्षणमंडळाने २०२३ साली अभ्यासक्रमात रीतसर दाखल केला. म्हणजे कापसाचा मळा ही एक औद्योगिक शाळाच म्हणावयाची! प्रवेश सक्तीचा, मुदत आजन्म, शिष्यवृत्तीच्या जागी चाबूक, आणि सत्र चालू असतानाच विद्यार्थ्याचा लिलाव होऊन तो बायकामुलांवाचून दुसऱ्या शाखेत दाखल होणार. एवढेच की, या शाळेत अक्षरओळख हा गुन्हा होता. दक्षिण कॅरोलिनाच्या १७४० च्या कायद्यात गुलामाला लिहावयास शिकवणाऱ्यासाठी शंभर पौंड दंड सांगितला होता. लोहारकाम येते म्हणून धन्याचे उपकार माना आणि लिहिता येत नाही याबद्दल मात्र कोणाला जाब विचारू नका, असा या अध्यापनशास्त्राचा एकंदर मथितार्थ दिसतो.

ज्यांच्या मनःस्वास्थ्याची ही चिंता, ती मुले कोणती, हे जाणून घ्यावयाचे तर १४ नोव्हेंबर १९६० या दिवशी न्यू ऑर्लीन्स शहरात जावे लागेल. रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी केंद्र सरकारच्या चार मार्शलांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेची पायरी चढली, तेव्हा बाहेर मोठी माणसे तिला शिव्याशाप देत होती. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली, आणि बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या एकाच शिक्षिकेने तिला रिकाम्या वर्गात वर्षभर एकटीला शिकवले. त्या मुलीच्या मनस्तापासाठी कलम योजण्याची निकड लुइझियानाच्या कायदेमंडळाला भासली नाही. ते त्या वेळी शाळांतील काळ्या-गोऱ्यांची ही मिसळ कशी रोखावी याकरिता खास अधिवेशन भरवून बसले होते. पुढे रूबीबाईंनी ही हकीकत मुलांसाठी लिहिली, आणि २०२१ साली टेनेसीतील एका पालकसंघटनेने त्या पुस्तकातील संतप्त गोऱ्या जमावाच्या वर्णनाविरुद्ध तक्रार गुदरली. सहाव्या वर्षी जे एका मुलीने सोसावयाचे, ते सातव्या वर्षी दुसऱ्यांच्या मुलांनी वाचावयाचेही नाही!

खरे शिकवणे अशक्य आहे असे मात्र कोणी समजू नये. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत स्वयंसेवकांनी चाळीसएक 'स्वातंत्र्यशाळा' उघडल्या. त्या चर्चमध्ये, घरांच्या ओसऱ्यांवर, वेळप्रसंगी झाडाखाली भरत, त्यांत परीक्षा नव्हती, गुण नव्हते, आणि गोऱ्यांच्या जगातले आपणांस काय हवे, काय नको, नि आपले असे काय आहे जे सोडू नये, असे प्रश्न मुलांपुढे ठेवून शिक्षक त्यांचे ऐकत बसत. असल्या उत्तरांना गुण कसे द्यावेत हे कोणत्याही परिपत्रकात सांगितलेले नसल्यामुळे सरकारी शाळांनी हा प्रयोग उचलला नाही, हे ओघानेच आले.

आणि या बाबतीत आपण केवळ प्रेक्षक आहो असेही नाही. कॅलिफोर्नियात २००५-०६ साली सहावीच्या पुस्तकांची फेरतपासणी चालली असता तेथील काही हिंदू संस्थांनी अर्ज केले की, जातिव्यवस्था व स्त्रियांचे स्थान यांविषयीची वाक्ये सौम्य करावीत वा गाळावीत, कारण ती वाचून आमच्या मुलांना वर्गात खाली पाहावे लागते. रदरफर्डबाईंचा मापदंड समुद्र ओलांडून आलेल्यांच्याही हाती इतका चपखल बसावा, हे सांस्कृतिक समरसतेचे लक्षणच मानले पाहिजे. अखेर तेथील शिक्षणमंडळाने त्यांतील पुष्कळ सूचना फेटाळल्या.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केली, ती त्या लोकांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल. फ्लोरिडाचा अभ्यासक्रम प्रमाण धरला तर जोतीरावांनी एक चांगली चाललेली उद्योगशाळा बंद पाडणाऱ्यांचे अभिनंदन केले असे होईल. तेव्हा परदेशस्थ मराठी आईबापांना आमची विनंती आहे की, मुलांच्या शाळेतून इतिहासाची कोणती पाने गळाली आहेत याचा तपास त्यांनी अवश्य करावा, पण त्याआधी जोतीरावांचे हे पुस्तक घरी आणून मुलांसह वाचावे. अर्पणपत्रिका आणि एक प्रस्तावना जोतीरावांनी इंग्रजीतच छापली असल्याने, मुलांना मराठी वाचता येत नाही ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.