चार बोटांची कट्टी

गतिरोधक दिसला की बाकीचे ब्रेक दाबतात. हा गडी आधी सोबतच्यांना उतरवतो. मग गाडी तिरपी घालून एक चाक चढवतो, खिडकीतून मुंडकं काढून खाली बघतो आणि श्वास रोखून दुसरं चाक चढवतो. मागं ट्रॅव्हल्सवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. पोटाखालून घर्रर्र आवाज येतो. "काही नाही, सायलेंसर हाय. चेंबर वाचलं," असं जाहीर करून तो मंडळींना परत आत घेतो.

स्प्रिंगा कापून गाडी खाली घेणारा असा एकजण आता तालुक्यागणिक सापडतो. हदगावच्या वाट्याला आलेल्याकडं जुनी झेन आहे. 1993 साली आलेलं हे गोलमटोल मॉडेल 2006 मध्ये बंद झालं. जगाच्या लेखी ती जुनी मारुती, याच्या लेखी क्लासिक स्पोर्ट्स कार. कुणी 'मारुती' म्हटलं की याचा चहा कडू होतो.

गाडी खाली का घ्यायची, हे तो टपरीवर न विचारता सांगतो. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कलत नाही. मुद्दा खरा आहे. फक्त बाजाराच्या दिवशी हदगावात कलण्याइतक्या वेगानं वळायला जागा कुठं आहे, ते विचारायचं नाही. 1958 मध्ये कॅलिफोर्नियानं रिमच्याही खाली लोंबणाऱ्या गाड्यांवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या पोरांनी हायड्रॉलिक पंप बसवून गाडी हवी तेव्हा उचलायची सोय केली, हा इतिहास त्याला तोंडपाठ. आपल्याकडच्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मात्र त्याच्या अभ्यासक्रमात नाही. पासिंगच्या दिवसासाठी भंगारातून आणलेल्या पूर्ण उंचीच्या स्प्रिंगा पोत्यात गुंडाळून बाजेखाली ठेवल्या आहेत.

मापात बनवलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप महाग पडतात. म्हणून मिस्त्रीनं आहे त्याच स्प्रिंगचा दीड वेढा ग्राइंडरनं उडवला. गॅसनं तापवून बसवली नाही, हे नशीब. तापवली की स्प्रिंगचं पाणी जातं. पण वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, आणि जुन्या शॉकअपला खाली दबायला जागा उरत नाही. गाडी चार बोटं खाली आली आणि मागं बसणाऱ्याची टाळू तेवढीच वर गेली.

वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "आडत्यानं क्विंटलमागं किलोभर कट्टी धरली तर आपण मोंढ्यात भांडतो, अन् तू पैसे देऊन कट्टी करून आणलास?"

इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबानं गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. आपल्याकडं तो ज्याच्या दारापुढं असेल त्याच्या मर्जीनं वाढतो. त्यामुळं कोणत्या गल्लीत काल मुरूम पडला, कुठल्या पुलाचा सांधा उचकला, हे बांधकाम खात्याच्या आधी याला कळतं. तामशाला निघणारे टेम्पोवालेसुद्धा रस्ता यालाच विचारतात. पावसाळ्यात पांदीला गाडी घातली की काळी माती चाकाच्या वरच्या फटीत गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग स्पोर्ट्स कारचा मालक रस्त्यात उकिडवा बसून खुरप्यानं माती कोरतो. डिकीत जॅक नसेल एखाद्या वेळी, खुरपं असतंच.

नागपूर-तुळजापूर महामार्गाला लागला की मात्र त्याचा चेहरा उजळतो. गाडी खरंच रस्त्याला चिकटून पळते. पण तिथवर पोचेपर्यंत निम्मी दुपार गेलेली असते.

यंदा पेरणीच्या तोंडावर वडिलांनी सोयाबीनच्या बियाण्याच्या चार बॅगा आणायला सांगितल्या. पहिली बॅग डिकीत टाकताच मागचं टायर मडगार्डला घासलं. गड्यानं मुकाट्यानं ऑटो केला. बियाणं ऑटोत, स्वतः झेनमध्ये. ऑटो पोचला, बॅगा उतरल्या, ऑटोवाला चहा घेऊन परत निघाला, तरी झेनचा पत्ता नव्हता. वडिलांनी त्याला भाडं दिलं आणि विचारलं, "बाबा, वाटंत आमची पळायची गाडी दिसली का रं?"

"दिसली की मामा. चालत्या माणसाच्या मागं होती."