राखी येते, ट्रनियन अडतो

परदेशातून टपालाने किंवा कुरिअरने आलेला माल भेट म्हणून करमाफ सोडवून घ्यायची सोय सरकारने डिसेंबर 2019 मध्ये बंद केली. अपवाद दोनच ठेवले: जीवरक्षक औषधं आणि राखी. तरी जुनी गाडी उभी करणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी अजूनही इंग्लंडमधल्या दुकानदाराला लिहितोच, की डब्यावर 'गिफ्ट' लिहा आणि किंमत दहा पौंड टाका. ही चोरी आहे. शिवाय ती पचत नाही. कस्टमचा माणूस असल्या किमतीवर विश्वास ठेवत नाही, डबा गोदामात अडकतो, आणि पुढच्याचं खरं बिलही संशयाने बघितलं जातं.

हे जितकं ठणकावून सांगायला हवं, तितकंच ठणकावून सरकारला सांगायला हवं की बाबांनो, सरळ रस्त्याने येणाऱ्याच्या वाटेत काटे पसरू नका.

स्टँडर्ड हेरल्ड घ्या. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड, रेखाटलेली इटलीच्या मिकेलोत्तीने, आणि 1961 पासून मद्रासला तयार झालेली. अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला कलंडतं आणि इंजिन उघड्यावर येतं. मेकॅनिक टायरवर बसून काम करतो. अशी सोय आजच्या कुठल्या गाडीत आहे दाखवा. या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकापाशी खाली एक पितळी ठोकळा असतो, त्याला ट्रनियन म्हणतात. आत आटे असतात, आणि चाकाचा उभा लोखंडी दांडा त्या आट्यांत फिरतो. स्टिअरिंग वळवलं की सगळी हालचाल या आट्यांवर. डाव्या बाजूचे आटे डावे, उजव्या बाजूचे उजवे. त्यात ग्रीस नाही, ईपी 90 गिअर ऑइल घालायचं. आपल्याकडे गॅरेजवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ग्रीसच मारलं. मग पाणी शिरतं, दांडा गंजतो, आणि एके दिवशी वळणावर तुटून चाक आडवं होतं.

भोसरीतला एखादा चांगला टर्नर असा ठोकळा कातून देईल, कसब आहे त्याच्या हातात. पण धातू कुठला, आटे किती नेमके, याची खात्री कोण देणार? ज्या भागावर गाडीतल्या माणसांचा जीव आहे, तिथे 'चालून जाईल' चालत नाही. इंग्लंडमध्ये हाच नमुना स्पिटफायर, व्हिटेस अशा इतर ट्रायम्फ गाड्यांतही होता, म्हणून तिथे तो भाग आजही नवा मिळतो. मागवणं ही चैन नाही.

आता हिशोब. सीमाशुल्काच्या दरसूचीत मोटारीचा सुटा भाग 8708 या शीर्षकाखाली येतो. वाहतूक आणि विमा धरून किंमत 10,000 रुपये ठरली, तर 15 टक्के सीमाशुल्क 1,500, त्यावर 10 टक्के अधिभार 150. या सगळ्यावर, म्हणजे 11,650 वर, जीएसटी. सप्टेंबर 2025 पर्यंत तो 28 टक्के होता, आता 18 आहे; म्हणजे 2,097. दहाचे झाले पावणेचौदा हजार. वर कुरिअर कंपनीचं क्लिअरन्सचं बिल वेगळं.

एवढं भरायला लोक तयार आहेत. छळतं ते पुढचं. डब्यात ट्रनियनबरोबर रबरी सील आणि चार बोल्ट असले, तर रबर रबराच्या प्रकरणात जातं, बोल्ट लोखंडाच्या. एखादा अधिकारी अख्खा डबा वैयक्तिक वापराचा माल म्हणून 9804 मध्ये टाकतो आणि दरच बदलतो. तोच डबा, तोच पत्ता, आणि किती भरावं लागेल हे डबा हातात येईपर्यंत सांगता येत नाही. याला मी काटे म्हणतो.

दोन गोष्टी आपल्या हातातल्या. दुकानदाराकडून बिलावर प्रत्येक भाग नावानिशी, नगानिशी, किमतीनिशी लिहून घ्या. नुसतं 'कार पार्ट्स' लिहिलं की अडलंच. आणि इंग्लंडमधली छापील किंमत बहुधा तिथला 20 टक्के व्हॅट धरून असते. निर्यातीवर तो लागत नाही. मागितल्याशिवाय काही दुकानं तो काढत नाहीत, तेव्हा मागा.

सरकारच्या हातात मात्र याहून पुष्कळ आहे. जुलै 2021 मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी खास नियम केले. नंबरात 'व्हीए' अक्षरं, नोंदणीला 20,000 रुपये, धंद्यासाठी वापर नाही, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चांगलं केलं. पण मूळ रूप टिकवायचं तर मूळ नमुन्याचे भाग लागतात, आणि दुसरं मंत्रालय त्यांना बाजारातल्या कुठल्याही नव्या मालासारखंच मोजतं. व्हीए नोंदणीचं आरसी दाखवणाऱ्याला सुट्या भागांसाठी एकच ठरलेला, कमी दर द्या. डब्यात रबर असो की बोल्ट. अशा गाड्या देशात मूठभर. तिजोरीला धक्का बसायचा नाही.

काही भाग मात्र कुठूनही मागवता येणार नाहीत. चार दारांची हेरल्ड फक्त भारतात बनली. मागच्या दाराचं रबर, काचेची खोबण, यांचा इंग्लंडच्या कॅटलॉगात मागमूस नाही. हेरल्डवाल्यांनी एकत्र येऊन त्या रबराचा साचा करून घ्यायला हवा, आणि तो याच वर्षी. नमुन्याला धड पट्टी मिळेल अशा गाड्या दर पावसाळ्यागणिक कमी होतायत.