दुसऱ्या रोटरीचा सभासद

मराठी माणसाला रोटरी म्हटलं की दातेरी चाकाचा बिल्ला आठवतो, रक्तदान शिबिर आठवतं आणि पाहुण्यांच्या परिचयालाच अर्धा तास घेणारा सूत्रसंचालक आठवतो. माझदा म्हटलं की फार तर स्वराज माझदाची शाळेची बस. या दोन शब्दांच्या नादी लागून कुणी आपली सकाळ, संध्याकाळ आणि पगार वाहून टाकत असेल, ही कल्पना आपल्याकडे येणं कठीण. कारण माझदाची आरएक्स-८ ही रोटरी इंजिनाची गाडी इथे विकायला आलीच नाही. २०१२मध्ये ती बनायची बंद झाली, आणि तीन वर्षांहून जुनी गाडी बाहेरून आणायला आपलं सरकार परवानगी देत नाही, म्हणजे आता येण्याचीही आशा नाही. तेव्हा या गाडीचा माणूस पाहायचा तर अमेरिकेत पाहावा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये तो चटकन ओळखू येतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, स्वेटरला अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास, आणि लॅपटॉपच्या बॅगेत, जिथे इतरांचा डबा असतो तिथे, एक नीट घडी घातलेलं फडकं. गाडी आठवड्याच्या सुट्टीत मिरवायची म्हणून घेतलेली नसते. रोज ऑफिसला जायला त्याच्याकडे हीच एक गाडी असते, तीही दुसऱ्याची वापरलेली, आणि ती त्याने पूर्ण शुद्धीवर असताना निवडलेली असते.

लोक त्याला दोन नावं ठेवतात. कुणी उधळ्या म्हणतं, कुणी वेगवेडा. दोन्ही निदानं चुकीची आहेत. उधळ्याला पैसे टाकून मोकळं व्हायचं असतं आणि वेगवेड्याला कुठेतरी लवकर पोचायचं असतं. आपल्या माणसाला यातलं काहीच नको असतं. तो मुळात कर्मठ आहे. चार पिढ्यांपूर्वी, योग्य घरात जन्मला असता तर तो सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्यांपैकी झाला असता: ओलेत्याने पाणी भरणारा, कुणी शिवलं की पुन्हा आंघोळ करणारा. काळ बदलला, सोवळं गेलं, पण तो स्वभाव कुठे जाणार? त्याला नियम हवेत, भरपूर हवेत, आणि त्यातले निम्मे शेजाऱ्याला न कळणारे हवेत. बाजारातल्या बाकीच्या गाड्या एवढ्या बिनबोभाट चालतात की त्यांच्याजवळ पाळण्यासारखं काही उरलेलंच नाही. उरली आहे ती ही एक.

यंत्राकडे थोडं पाहिल्याशिवाय हे पटणार नाही. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात. रोटरीत पिस्टनच नाहीत. शेंगदाण्यासारख्या, मधोमध किंचित आवळलेल्या पोकळीत एक फुगीर त्रिकोण फिरतो आणि फिरता फिरताच पेट्रोल ओढतो, दाबतो, जाळतो, बाहेर टाकतो. आरएक्स-८मध्ये असे दोन त्रिकोण आहेत. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग बेल्ट नाही. ही कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वान्केल यांची. त्यांची नजर इतकी अधू होती की गाडी चालवायचा परवाना त्यांनी कधी काढलाच नाही. पुढे या इंजिनाच्या वाट्याला जे आलं ते पाहता हा संकेत लोकांनी वेळीच ओळखायला हवा होता. एनएसयू या जर्मन कंपनीने १९६७मध्ये याच इंजिनाची आरओ ८० काढली, ती पुढच्या वर्षीची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली, आणि हमीखाली इंजिनं बदलून देता देता कंपनी इतकी खिळखिळी झाली की १९६९मध्ये तिला ऑडीच्या घरात जावं लागलं. समोरून दुसरी आरओ ८० आली की तिचे मालक हात हलवण्याऐवजी आपलं कितवं इंजिन चालू आहे तेवढी बोटं दाखवत, अशी दंतकथा आहे. हिरोशिमाच्या माझदाने मात्र हट्ट सोडला नाही. केनइची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर बसवले. त्रिकोणाच्या टोकांना बसवलेल्या पट्ट्या पोकळीची भिंत ओरबाडून काढत, त्या ओरखड्यांना तिथे सैतानाच्या नखांचे व्रण म्हणायचे. ते व्रण घालवून १९६७मध्ये त्यांनी कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आणली. परंपरेला मूळ ऋषी लागतात, राक्षस लागतो, तप लागतं. इथे सगळा ऐवज तयारच आहे. वर आराध्याचं चिन्हही आहे: आरएक्स-८च्या गिअरच्या मुठीवर तो त्रिकोण आहे, सीटच्या डोक्याशी आहे, बॉनेटच्या उंचवट्यातही आहे.

आता दिनचर्या. हे इंजिन तेल खातं. बिघडलं म्हणून नव्हे, तशीच त्याची रचना आहे. टोकाच्या पट्ट्या भिंतीला घासून झिजू नयेत म्हणून एक छोटा पंप तेलाचे थेंब थेट आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातात. म्हणून दर दुसऱ्या टाकीला पेट्रोल पंपावर बॉनेट उघडायचं, फडकं काढायचं, डिपस्टिक ओढायची, पुसायची, परत घालायची, पुन्हा ओढायची आणि उजेडाकडे धरून डोळे बारीक करायचे. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तरी वळून पाहायचं नाही. मग डिकीतली बाटली काढून नैवेद्य. त्यातले जास्त कडवे लोक पेट्रोलच्या टाकीतही मापाने टू-स्ट्रोक ऑइल ओततात. आपल्याकडे ज्यांच्या घरी बजाज चेतक होती त्यांना हा विधी सांगायला नको. शिवाय इंजिन तापलं की दिवसातून एकदा तरी ते मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या हद्दीपर्यंत न्यायचं, म्हणजे आत साठलेला कार्बन जळतो. हद्द आली की गाडी स्वतःच बीप करते. त्या बीपने त्याच्या चेहऱ्यावर जी तृप्ती उमटते ती आरतीतली घंटा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरच पाहावी. त्या क्षणी आतला त्रिकोण फक्त ३,००० वेळा फिरत असतो, कारण त्याच्या एका फेरीत शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात, हे तो आपल्याला सांगतो. आपण विचारलेलं नसतं.

पण या सगळ्यांत कडक नियम वेगळाच आहे. थंड इंजिन चालू करून लगेच बंद करायचं नाही. केलं तर आत जास्तीचं पेट्रोल राहतं, प्लग भिजतात, आणि पुढच्या वेळी कितीही सेल्फ मारा, ती नुसती खोकते. मग अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा, म्हणजे पेट्रोल येणं थांबतं आणि आतलं उडून जातं. तेही जमलं नाही तर चारही प्लग काढून वाळवायचे. परिणाम असा की या माणसाला गाडी चार फूट पुढे घेता येत नाही. घरासमोरचा बर्फ उपसायचाय, बायकोची गाडी बाहेर काढायचीय, शेजाऱ्याचा ट्रक आलाय; तुम्ही-आम्ही किल्ली फिरवू, गाडी सरकवू, बंद करू. तो कोट चढवतो, बूट घालतो, गाडी काढतो आणि गावाला प्रदक्षिणा घालायला निघून जातो. वीस मिनिटांनी येतो आणि चार फूट पुढे लावतो. दूध आणायला जायची गाडी दूधवाल्याच्या दुकानापेक्षा लांब न्यावी लागते, हे ज्याला गैरसोय वाटतं त्याने ती केव्हाच विकलेली असते. याला त्यात शिस्त दिसते.

जुनी गाडी निवडतानाही हाच स्वभाव दिसतो. सामान्य माणूस टायर बघतो, पत्रा ठोकून बघतो आणि 'अॅव्हरेज किती देते' विचारतो. हा पत्रिका मागतो. प्रत्येक त्रिकोणाच्या तीन बाजू, म्हणून दोन त्रिकोणांचे कॉम्प्रेशनचे सहा आकडे. नेहमीच्या गेजने ते मिळत नाहीत, त्याला वेगळं यंत्र लागतं. ठरलेला नियम असा की २५० फेऱ्यांवर प्रत्येक आकडा किमान ६८० किलोपास्कल हवा आणि आकड्या-आकड्यांत फार अंतर नको. एका बाजूला मंगळ निघाला की स्थळ बाद. पत्रिका नसेल तर उष्ण परीक्षा: गाडी चांगली वीस मैल पळवायची, बंद करायची, आणि तापलेली असतानाच पुन्हा सेल्फ मारायचा. पटकन लागली तर ठीक. चार-पाच सेकंद नुसती घरघरली तर पट्ट्या गेल्या. विकणारा त्या वेळी हवापाण्याबद्दल मोठ्याने बोलू लागतो, हेही परीक्षेतच धरतात. वधुपरीक्षा आपण मोडीत काढली ते बरंच झालं, पण तिच्यात लागणारी चिकाटी वाया गेली नाही, एवढं इथे दिसतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की गडी साधा हिशेबी आहे. गाडी स्वस्त मिळते म्हणून घेतो. स्वस्त मिळते खरी, त्याच वयाच्या टोयोटा कॅमरीपेक्षा अनेकदा स्वस्त. पण ती स्वस्त का मिळते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. अमेरिकेच्या सरकारी मोजमापात ती एका गॅलनला शहरात १६ आणि महामार्गावर २२ मैल देते, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला सातच्या आत आणि नऊच्या थोडं वर, तेही महागड्या पेट्रोलवर. माझदाने तिथे २००४ ते २००८च्या गाड्यांच्या इंजिनाची हमी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. अशी हमी कोणी उगाच वाढवत नाही, आणि तीही केव्हाच संपली. हे तोंडावर टाकलं की तो म्हणतो, इंजिन फक्त १.३ लिटरचं आहे. जपानी करखात्याला हे गणित पटलं नाही, ते रोटरीचं माप दीडपट धरतं. मग तो शेवटचं अस्त्र काढतो: हलणारे मुख्य भाग तीनच, जे नाहीच ते मोडणार कसं? तर्क बिनतोड आहे. फक्त त्यातून सहा पट्ट्या निसटतात, बोटाच्या लांबीच्या, आणि सगळं घर त्या सहा पट्ट्यांवर उभं असतं. ज्याला खरोखर हिशेब करायचा असतो तो असा वाद घालत नाही, वही काढतो. याच्याकडे वही असते. तिच्यात तेल कधी ओतलं ते लिहिलेलं असतं, पैसे किती गेले ते नाही.

दुसरा आक्षेप वेगाचा. १९९१मध्ये फ्रान्समधल्या ल मॉनची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या चार त्रिकोणांच्या ७८७बीने जिंकली. जपानी कंपनीचा तो तिथला पहिला विजय, आणि रोटरीचा आजवरचा एकमेव. ते सगळं खरं, पण ही ती गाडी नव्हे. आरएक्स-८ वळणावर सुरेख वळते, कारण इंजिन चिमुकलं असल्याने पुढच्या चाकांच्या मागे बसतं आणि वजन पुढे-मागे निम्मंनिम्मं वाटलं जातं. सिग्नलला मात्र तिचा पिकअप असा की शेजारची कुटुंबवत्सल व्हॅन आधी सुटते. जोर यायला फेऱ्या फार चढवाव्या लागतात. अमेरिकेत सुरुवातीला २४७ अश्वशक्ती जाहीर झाली होती, मग कंपनीनेच ती २३८वर आणली आणि ज्यांना हवं त्यांच्या गाड्या परत घ्यायची तयारी दाखवली. आपला माणूस ही गोष्ट सांगतो ती कंपनीच्या सचोटीचा दाखला म्हणून.

काही जण निव्वळ अज्ञानाने फसतात, हेही मान्य केलं पाहिजे. चार दारं, मागची दोन कपाटासारखी उलटी उघडणारी, लाल रंग, किंमत कमी, घेतली. सहा महिन्यांत ते तेल विसरतात आणि वर्षाच्या आत गाडी ओढून नेण्याचा ट्रक दारात येतो. त्यांची इथे गणतीच नाही. उलट एका बाबतीत आपल्या माणसाला मानावं लागेल. रोटरी जपायची म्हणून गॅरेजात झाकून ठेवणारे शौकीन त्याला हसतात, पण उभ्या राहिलेल्या आणि कधीमधी दोन मैल फिरवलेल्या रोटरीचे हाल जास्त होतात. रोज तीस मैल जाणं, तीस मैल येणं, चांगली तापू देणं, हेच त्या इंजिनाला मानवतं. म्हणजे या गाडीच्या बाबतीत सगळ्यांत वेडेपणाचा वाटणारा निर्णय, ती रोज वापरण्याचा, हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा आहे. शौकीन पूजा मांडतो. हा रोज करतो.

न्यू जर्सीत किंवा मिशिगनमध्ये या जातीची मराठी शाखाही आढळते. तिची लक्षणं तीच, फक्त बायकोची गाडी हमखास टोयोटाची असते आणि संसार त्या गाडीवर चालतो. पुण्याहून आई फोनवर विचारते, "अरे, पण सगळे चांगली टोयोटा घेतात, तू का नाही घेतलीस?" तो म्हणतो, "आई, तिला काही करावंच लागत नाही गं." आई गप्प होते. सोळा सोमवार, चातुर्मास आणि उरलेल्या दिवसांत चतुर्थी केलेल्या बाईला यावर काय बोलायचं ते सुचत नाही.

माझदाने रोटरी पुन्हा आणली आहे, २०२३पासून, एमएक्स-३० या गाडीत. तिथे एकच त्रिकोण आहे आणि तो चाकं फिरवत नाही, नुसती बॅटरी भरतो. आपल्या माणसाला ती चालणार नाही. तिच्यात त्याच्या हातांना काही कामच नाही. तेव्हा तो आणखी काही वर्षं त्या जुन्या आरएक्स-८मध्येच दिसणार. तुमच्या शेजारी राहत असेल तर एवढं करा: गाडी जरा पुढे घे, असं ऐन वेळी सांगू नका. अर्धा तास आधी सांगा.