चेनमधली बालू

पावसाबद्दल चिपळूणच्या माणसाला कोणी शहाणपण शिकवू नये, असं माझं जयपूरला बदली होईपर्यंत पक्कं मत होतं. जिथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तिथे मी सायकल शिकलो. जयपुरात वर्षाकाठी जेमतेम 600. तेवढा आमच्याकडे जुलैतला एखादा आठवडा मनावर घेतला तर पाडतो. म्हणून सामान ट्रकमध्ये चढवतानाच मी सायकलचे दोन्ही मडगार्ड काढून भाच्याला देऊन टाकले. वाळवंटात ते ओझं कशाला?

भाचा अजून आभार मानतो.

पहिल्याच जुलैत जवाहरलाल नेहरू मार्गावर मला सरीनं गाठलं. कोकणात पाऊस आला की माणसं आत पळतात, इथे घरातली माणसं बाहेर येतात. लोक दुचाक्या थांबवून भिजत होते, मिरचीबड्याच्या कढईभोवती कोंडाळं झालं होतं. मीही उत्साहात पायडल मारत घरी पोचलो. बायकोनं मला दारातच पाठ वळवायला लावली. कमरेपासून मानेपर्यंत तपकिरी पट्टा! "अहो, बगरूला असाच चिखल लावून कापड छापतात," ती म्हणाली. "फक्त ते लोक नंतर धुतात. तुम्हीही धुवा."

शर्ट धुतला. सायकल राहिली.

दुसऱ्या दिवशी चेन करकर वाजू लागली. गंज मला ओळखीचा होता. तो लाल असतो, दिसतो, आपण तेल ओततो, तो गप्प बसतो. चिपळूणच्या सवयीनं मी इथेही सढळ हातानं तेल ओतलं. आवाज बंद झाला आणि तीन दिवसांनी दुप्पट झाला. कोकणातला पाऊस सगळं धुऊन नेतो. जयपूरचा पाऊस अरवलीच्या उतारावरून बालू, म्हणजे वाळू, घेऊन येतो. ऑगस्ट 2020 मधल्या एका मुसळधार दिवशी तर डोंगरपायथ्याच्या वस्त्यांत मोटारी बालूत गाडल्या गेल्या होत्या. माझ्या वाट्याला चिमूटभरच आली, पण ती तेलात कालवली गेली. जौहरी बाजारातल्या जवाहिऱ्यांचे कारागीर खडे घासायला असाच ओला, बारीक खर वापरतात. त्यांचा पन्ना चमकतो, माझी चेन झिजत होती.

कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली बसणाऱ्या मिस्त्रीनं चेनवरून बोट फिरवलं. "भाईसाब, तेल चेन ने पिया या रेत ने?"

याचं उत्तर मला देता आलं नाही.

मग त्यानं शिकवणी घेतली. आधी ब्रश, मग सुती फडकं, चेन कोरडी होईपर्यंत. नंतर प्रत्येक कडीवर एकच थेंब. कड्या शंभराच्या वर असतात, म्हणजे मारुतीला तेल घालण्यापेक्षा चिकाटीचं काम. पायडल उलटं फिरवायचं, आणि बाहेर दिसणारं सगळं तेल पुसून टाकायचं! घातलेलं तेल पुसणं माझ्या कोकणी काटकसरीला अजून झेपत नाही. पण तेल आत, पिनेपाशी हवं. बाहेरचं तेल फक्त बालूला चिकटायला जागा देतं.

त्यानं ब्रेकच्या रबरांतले खडे टाचणीनं टिपले. ते रिमला कानशीसारखे घासत होते. मग सायकल आडवी करून पायडलच्या एक्सेलखालचं एक भोक दाखवलं. सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी तिथून निघून जायला हवं, पण ते चिखलानं बुजलं होतं. त्यानं जुनी तार खुपसली आणि अर्धा कप चहाच्या रंगाचं पाणी बाहेर आलं. माझे छर्रे महिनाभर त्यात स्नान करत होते.

आषाढी पौर्णिमेच्या संध्याकाळी जंतरमंतरच्या सम्राट यंत्रावर पंडित ध्वज घेऊन चढतात आणि वाऱ्याची दिशा पाहून पावसाचं भाकीत करतात. त्याच संध्याकाळी मी चेन मोजतो. पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. इंचाचा आठवा भाग जास्त भरला तर चेन गेली, आणि चक्राचे दात खाऊन गेली. ज्या शहरात दगडी यंत्राच्या सावलीवर 2 सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते, तिथे मी पट्टी वाचायला चष्मा शोधत असतो. हे जंतरमंतर उभारणाऱ्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या मराठी पंडितानं युक्लिडची भूमिती संस्कृतात नेली. त्याच्यानंतर जयपुरात आलेल्या मराठी माणसाचं गणित हे एवढंच.

मडगार्ड मी परत मागितले नाहीत, नवे घेतले. मागच्याला गोडेतेलाच्या डब्याचा तुकडा लावून जमिनीपासून चार बोटांवर आणलाय. सायकल हॉलमध्ये, वर्तमानपत्रावर उभी असते. बायकोची तक्रार सायकलबद्दल नाही, फडक्यांबद्दल आहे. मिस्त्रीचा हुकूम आहे की फडकं जुन्या सुती बनियनचंच हवं. टेरिकॉट बालू उचलत नाही, नुसती फिरवते. माझ्या सगळ्या बनियनी श्रावणातच संपल्या आणि भादवा अजून पुरता बाकी आहे. आपल्याकडे जुन्या असतील तर कृपया फेकू नका. धुऊन, जयपूरला येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठवा.