मोगऱ्याला उपाशी ठेवण्याची कला

मोगरा हे पारिजातकाच्याच कुळातले झुडूप. फिलिपिन्सने १९३४ साली त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. केडगावात त्याला ऑइलपेंटचा रिकामा डबा दिला जातो. डब्याच्या तळाला भोके पाडलेली असली तर मोगऱ्याची काही तक्रार नसते. ऊन मात्र दिवसाला निदान पाच-सहा तास हवे. अहिल्यानगरच्या या उपनगरात उन्हाची टंचाई हा विषय अजून कोणत्याही निवडणुकीत आलेला नाही.

बटमोगऱ्याला सहसा बी धरत नाही. त्यामुळे त्याचा प्रसार फांदीवर, म्हणजे पर्यायाने शेजाऱ्यांवर अवलंबून असतो. जून-जुलैत तीन-चार डोळ्यांची, पेन्सिलीएवढी जाड काडी ओलसर मातीत खोचावी. मागितलेल्या काडीपेक्षा चोरलेली लवकर फुटते, असा समज आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला आधार नाही. मात्र चोरणारा पुढे तिची काळजी अधिक घेतो.

नगरकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोह असले तरी मुळांना ते मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यावर हिराकस लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात विरघळवून पानांवर फवारतात. घरगुती उपचारांत चहाचा चोथा, ताक, तांदळाचे धुवण आणि, नेप्तीचा कांदाबाजार जवळच असल्याने, कांद्याच्या सालींचे पाणी मोडते. हे सगळे एकाच आठवड्यात दिल्यावर झाड हिरवे झाले, तर श्रेय कोणाचे हा वाद घरात वर्षभर पुरतो.

मोगऱ्याच्या संगोपनातला सर्वांत अवघड भाग म्हणजे काही न करणे. बारमाही पाणी आणि भरपूर नत्र मिळाले की तो पाने काढतो. पाने गर्द, तुकतुकीत, पाहुण्यांना गच्चीवर नेऊन दाखवण्याजोगी. कळी एकही नाही. फुले येतात ती नव्या फुटीवर, आणि जोमदार नवी फूट हवी तर जुन्या झाडाला आधी ताण द्यावा लागतो. म्हणून डिसेंबरात पाणी तोडतात. पाने गळू लागतात, झाड मरायला टेकल्यासारखे दिसते आणि घरातल्या आजी रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर तांब्याभर पाणी ओतून येतात. ताण मोडतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पानेच येतात, तेव्हा आजींचे मत असे पडते की झाडाला पाणी कमी पडले. घराला कुलूप लावून महिनाभर लेकीकडे गेलेल्या शेजाऱ्यांचा मोगरा याच सुमारास लगडतो, आणि मग ते त्याचे रहस्य सांगू लागतात.

पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. तेव्हा ताण द्यायचे काम नळाने परस्पर करावे, ही अपेक्षा रास्त आहे. तो करतोही, पण एप्रिलात; झाड तेव्हा कळ्यांवर असते आणि त्याला खरोखरच पाणी हवे असते.

जानेवारीत छाटणी करतात, जमिनीपासून फूट-दीड फुटावर. धारदार कात्री आणि घरात कोणी नसण्याची वेळ, अशी दोन साधने लागतात. नंतर शेणखत घालून पाणी सुरू करावे. कोरड्या उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी होतो. पाण्याचा जोरदार फवारा मारला की बराचसा धुऊन जातो. कळी जांभळट होऊन तिला भोक दिसले, तर आत अळी आहे असे समजून ती तोडून नष्ट करावी.

मार्च ते जून हा मुख्य बहर. केडगावच्या रेणुकामातेच्या नवरात्रापर्यंत तो ओसरलेला असतो, त्यामुळे तेव्हा गर्दी झेंडू-शेवंतीची. गजऱ्यासाठी टपोऱ्या पांढऱ्या कळ्या पहाटेच खुडाव्यात. त्या संध्याकाळी उमलतात. पहाटे आपल्याआधी कोणी खुडून नेल्या असतील, तर त्या कोणत्या देव्हाऱ्यात आहेत याची चौकशी करू नये. उरलेल्या दोन-चार रात्री माठात टाकाव्यात आणि सकाळी आठवणीने काढाव्यात. त्या माठातच कुजल्या तर पाण्याला वास येतो.