पिंपातलं वय

तेवीस वर्षं पिंपात मुरलेली बर्बन व्हिस्की महाराष्ट्रात आली, तर कायद्यानं ती अजून अज्ञान ठरेल. आपल्याकडे व्हिस्की पिणाऱ्याचं वय किमान 25 असावं लागतं. 'पॅपी व्हॅन विंकल' नावाची केंटकीतली एक बर्बन 23 वर्षांची असते. अमेरिकेतले हौशी लोक ती मिळावी म्हणून सोडतीत नाव घालतात. आपल्या नियमानं तिनं अजून दोन वर्षं दूधच प्यावं.

माझ्या वाट्याला आलेली एवढी खानदानी नव्हती. मित्राचा मुलगा अमेरिकेहून नंदुरबारला आला होता, त्यानं आणलेली बारा वर्षांची बाटली. गच्चीवर आम्ही तिघं म्हातारे जमलो: मित्र, मी आणि सातपुड्यातल्या धडगावकडचे एक निवृत्त गुरुजी. मुलानं तोंडाशी निमुळते होणारे ग्लास काढले आणि शिकवणी सुरू केली.

"काका, लगेच नाही प्यायची. आधी वास घ्या. तोंड किंचित उघडं ठेवा. व्हॅनिला येतोय?"

दिवस मिरचीच्या हंगामाचे. गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली आणि वारा नेमका तिकडूनच सुटलेला. मला आधी ठसका आला, मग शिंक, आणि व्हॅनिला बराच उशिरा. पण आला हे खरं. त्याच्यामागून जळक्या साखरेचा वास, मग ओल्या लाकडाचा. चामडं आणि तंबाखूही त्यात असतात म्हणे. त्या दोन्ही गोष्टी मला आमच्या बाजारपेठेतच सापडल्या आहेत.

मग त्यानं घोट चावायला सांगितला. केंटकीत याला रीतसर नाव आहे, 'केंटकी च्यू'. बुकर नो नावाच्या एका नामांकित दारूगाळ्यानं ही पद्धत लोकप्रिय केली. घोट तोंडात घ्यायचा, घास चावावा तसा फिरवायचा आणि मग गिळायचा. मित्राची कवळी नवी होती. त्यानं नम्रपणे नकार दिला.

बर्बनचे नियम मात्र मला आवडले. धान्यात किमान 51 टक्के मका हवा. पिंप ओकच्या लाकडाचं, आतून जाळून कोळसा केलेलं आणि कोरं करकरीत हवं. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला चालत नाही. अशी पुष्कळ पिंपं मग स्कॉटलंडला जातात आणि तिथली मंडळी त्यात स्कॉच मुरवतात. व्हॅनिलाचा वास, तांबूस रंग, गोडसरपणा, हे सगळं त्या जळक्या लाकडाचं देणं. पिंपात भरताना दारू पाण्यासारखी पारदर्शक असते. 1964 साली अमेरिकी काँग्रेसनं ठराव करून बर्बनला आपल्या देशाचं खास पेय म्हणून मान्यता दिली.

"मका?" गुरुजी म्हणाले. "मग भाकरी कशाची करतात?"

आणि पिण्याआधी त्यांनी ग्लास तिरपा करून चार थेंब शेजारच्या कुंडीत टाकले.

मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या चार थेंबांचे डॉलर तो मनात मोजत असावा. गुरुजींनी काही विशेष केलं नव्हतं. सातपुड्यात आधी धरतीला आणि पूर्वजांना धार देतात, मग आपण घ्यायची. देवमोगऱ्याच्या याहामोगी देवीला महाशिवरात्रीच्या जत्रेत मोहाची दारू वाहतात, तीही याच हिशेबानं.

मुलगा सावरला आणि म्हणाला, की तिकडेही असा वाटा असतो. पिंपातून दर वर्षी थोडी दारू उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. केंटकीत तो साधारण तीन-चार टक्के. बंगळुरूत हवा उष्ण म्हणून दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो. नंदुरबारच्या मे महिन्यात पिंप ठेवलं तर देवदूतांची चंगळ होईल आणि मालकाला उरलेलं लाकूड हुंगत बसावं लागेल. फरक एवढाच, की तिकडे देव न विचारता घेतात आणि नंतर त्याची किंमत बाटलीवर चढते. इकडे माणूस आपण होऊन देतो आणि किंमत तशीच राहते.

मोहाला पिंप लागत नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुलं गळतात, रसाळ, मेणचट पांढरी. बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उशीर झाला की वाटेकरी वाढतात. रात्री वटवाघळं येऊन गेलेली असतातच. फुलं वाळवायची, पाण्यात आंबवायची, मडकं चुलीवर ठेवायचं, वाफ गार करून थेंब गोळा करायचे. मुरवणं वगैरे काही नाही. वय असतं ते झाडाचं. लावल्यावर फुलायलाच ते आठ-दहा वर्षं घेतं आणि पुढे पिढ्यान् पिढ्या फुलत राहतं.

या फुलाला सरकार मात्र फार घाबरलं. मुंबई इलाख्यात 1892 साली खास मोहाफुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे, कुलाबा जिल्ह्यांत वाळकी फुलं घरात ठेवण्यावरच बंधन आलं. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंही फुलांवर पहारा चालू ठेवला. बर्बनला ठराव, मोहाला फौजदार. हे मला पटत नाही. पण सातपुड्यानं दारू नुसती गाळलेली नाही, सोडलेलीही आहे. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली, आणि त्यासाठी त्यांना कायद्याची गरज पडली नाही. गुरुजींच्या घरी निम्मे लोक त्याच वळणाचे.

"कशी वाटली?" मुलानं शेवटी विचारलं.

गुरुजींनी ग्लास रिकामा केला. "चांगली आहे. लाकडाचा वास छान आहे. फुलाचा मात्र कुठंच नाही."

माझाही निकाल तोच. दहापैकी आठ गुण, दोन कापले ते फुलासाठी.

मोहाची रीतसर बाटलीतली चव घ्यायची असेल, तर गोव्यातली 'डेस्मंडजी' 2018 पासून ती विकते, आणि आमच्या शेजारच्या अलिराजपूर जिल्ह्यात मध्य प्रदेश सरकारच्या वारसा धोरणाखाली 'मोंड' तयार होते. तिकडे गेलात तर जरूर चाखा. बाटली मात्र पिशवीत घालून इकडे आणू नका. परराज्यातली दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. आणि पिण्याचा परवाना काढायचा राहिला असेल तर लगेच काढा. तो सरकार आरोग्य राखण्यासाठी देतं, असं त्याच्यावरच लिहिलेलं असतं.