भक्षक पेशींचा आहारविचार

मनुष्यदेहाचा खरा धनी कोण, हा प्रश्न वेदान्ताने आत्म्यावर सोपवून निकालात काढला असला, तरी शिरगणतीत आत्म्याची बाजू लंगडी पडते. कारण प्रौढ शरीरात स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी, तर जिवाणू, म्हणजे केंद्रक नसलेले एकपेशीय सूक्ष्मजीव, सुमारे 38 लाख कोटी असतात, असा अंदाज आहे. हे बहुसंख्य रहिवासी मुख्यतः मोठ्या आतड्यात राहतात, काही जीवनसत्त्वेही तयार करून देतात, आणि सर्वांचे मिळून वजन मात्र जेमतेम पाव किलोच्या आत भरते.

यांतील कोणाला नांदू द्यावे आणि बाहेरून घुसलेल्या कोणाचा समाचार घ्यावा, हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणा. समाचार घेण्याची तिची एक मुख्य रीत सरळ गिळून टाकण्याची आहे, हे इल्या मेचनिकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने दाखवून दिले. 1882 साली सिसिलीतील मेसिना येथे घरची मंडळी सर्कशीतील माकडे पाहण्यास गेली असता हा गृहस्थ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तारामाशाच्या पारदर्शक अळ्या न्याहाळत बसला, त्यांच्या त्वचेखाली गुलाबाचे काटे खुपसले आणि रात्रभर झोपेला मुकला; सकाळी पाहतो तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. जंतूंना गिळणाऱ्या अशा पेशींना भक्षक पेशी म्हणतात. माणसात हे काम रक्तातील काही पांढऱ्या पेशी करतात आणि जखमेतील पू म्हणजे बव्हंशी या कामी आलेल्या पेशींचाच ढीग होय.

जर्मन पंडितांचा कौल मात्र रक्तद्रवाकडे होता, कारण जंतूंना किंवा त्यांच्या विषाला नेमके ओळखून चिकटणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, त्यात असतात. हा वाद बराच चिघळल्यावर अल्मरॉथ राइट या ब्रिटिश जिवाणुशास्त्रज्ञाने लंडनमध्ये दाखवले की रक्तद्रवातील घटक जंतूंना माखले की भक्षक पेशी त्यांच्यावर अधिक ताव मारतात. थोडक्यात, एक पक्ष जेवणाऱ्याची बाजू घेत होता आणि दुसरा चटणीची. 1908 चे नोबेल पारितोषिक मेचनिकोव्ह आणि रक्तद्रवाच्या पक्षाचा जर्मन पंडित पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले.

मेचनिकोव्हचा ओडेसातील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन याने जानेवारी 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. गुरूनेही पूर्वी पटकीचे जंतू पिऊन पाहिले होते. उतारवयात मात्र त्याने दही निवडले. मोठ्या आतड्यात अन्न कुजून वार्धक्य येते आणि आंबवलेल्या दुधातील जिवाणू ते रोखतात, अशी त्याची धारणा होती. 1916 साली, वयाच्या 71 व्या वर्षी, तो हृदयविकाराने वारला, त्यामुळे दह्यावर थेट ठपका आला नाही. पुढे असे दिसून आले की दह्यातील जिवाणू आतड्यात सहसा कायमचे ठाण मांडत नाहीत आणि त्यांची हजेरी हवी असेल तर दही पुन्हापुन्हा खावे लागते. या निष्कर्षाला गवळ्यांनी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.